दोन वर्षं मिस्साला जाताय तरी कोणी ओळखत नाही? आधी कुठलं चर्च ते ठरवा

प्रश्न थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकीच्यांना कळेल. ताई मूळच्या श्रीरामपूरकडच्या, मिस्टरांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी वसई रोडला पूर्वेला फ्लॅट घेतला, एक मुलगा चौथीत. गावी त्या धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायच्या, मिस्टर भजनात पेटी वाजवायचे, फादर घरी जेवायला यायचे, सगळं चर्च म्हणजे घरच. इथे दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जातात, कधी पापडीला, कधी निर्मळला, पाऊस असेल तर जवळच्या चर्चला, आणि दोन वर्षांत एकाही माणसाने नावाने हाक मारलेली नाही. फादरांना भेटून "काही काम असेल तर सांगा" म्हणाल्या, फादर "हो हो नक्की" म्हणाले, पुढे काही नाही. तर आत शिरायचं दार कुठलं, असं विचारलंय.

मी वसईच्या पश्चिमेची, जन्म इथलाच, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आता रिटायर. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, एका चर्चच्या हद्दीत, समूहप्रमुख होते (समूह काय ते पुढे सांगते), वाचकांची यादी बरीच वर्षं माझ्याकडे होती, पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे फादरांच्या सल्लागार मंडळावर, दोन टर्म झाल्या, सध्या धर्मशिक्षण बघते. म्हणजे तुम्ही ज्या दाराबाहेर उभ्या आहात त्याच्या आतल्या बाजूला मी पंचवीसेक वर्षं बसलेय, त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगते.

आतून असं दिसतं की "काही काम असेल तर सांगा" म्हणणारी माणसं सारखी येतात, विशेषतः ईस्टर आणि नाताळच्या नंतरच्या आठवड्यात, आणि त्यातली निम्मी पुढच्या महिन्यात दिसत नाहीत. फादरांचा दोष नाही हो, त्यांच्या डोक्यात त्या दिवशी दोन मयती, एक लग्नाचा इंटरव्ह्यू आणि हॉलचं गळणारं छप्पर असतं, "काही काम" त्यांना आठवणार कुठून. त्यांना आठवतं ते असं काम की जे करणारा माणूस आला नाही तर त्या दिवशी पंचाईत होते. तेवढं एक काम धरायचं, छोटं, ठराविक वाराचं, बाकी सगळं आपोआप मागून येतं. पण त्याच्या आधी दोन गोष्टी.

पहिली म्हणजे हे फिरणं बंद करा. रागावू नका, पण तुमच्या प्रश्नातलं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. पापडीची कृपामाता म्हणजे आमचं कॅथेड्रल, सुंदरच आहे, निर्मळला गेलं की मलाही बरं वाटतं, पण तुमचा धर्मग्राम कुठला हे आवडीवर नाही पत्त्यावर ठरतं. चर्चच्या कायद्यातच आहे की धर्मग्राम हा साधारणपणे हद्दीचा असतो, त्या हद्दीत राहणारे सगळे कॅथलिक त्या धर्मग्रामाचे, मग ते येवोत न येवोत. म्हणजे तुम्ही पावसात नाइलाजाने ज्या चर्चला जाता बहुतेक तेच तुमचं. तिथे मराठी मिस्सा किती वाजता ते बघा आणि दर रविवारी तीच एक मिस्सा, त्याच बाजूच्या बाकावर. हसू येईल पण बाकाचं फार महत्त्व आहे. चर्चमध्ये माणसं एकमेकांना नावाने नाही, बाकाने ओळखतात. "ते खांबाजवळ बसतात ते" अशीच ओळख सुरू होते, सहा महिन्यांनी खांबाजवळ कोणी दिसलं नाही की मागची बाई विचारते बरं नाही का, झालं.

दुसरी म्हणजे ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करा. अजून केली नसणार, बहुतेक कोणी करत नाही, मिस्साला जातो म्हणजे झालं असं वाटतं. पण नोंद नसेल तर तुमचं घर कुठल्याच समूहाच्या यादीत नसतं, आणि यादीत नाही म्हणजे घर आशीर्वादाला फादर येणार त्या दिवशी तुमच्या बिल्डिंगच्या खालून निघून जाणार. जाताना चौघांचे, सॉरी तिघांचे, बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा दाखला आणि मुलाचं पहिलं कम्युनियन झालं असेल तर त्याचा कागद घेऊन जा. शक्य असेल तर गावच्या फादरांकडून दोन ओळींचं पत्र आणा की अमुक बाई इतकी वर्षं आमच्याकडे धर्मशिक्षण शिकवायच्या. हे पत्र म्हणजे सोनं आहे, का ते पुढे सांगते.

जाता जाता एक सांगून ठेवते, कारण ऑफिसात यावरून भांडणं बघितलीत. बाप्तिस्म्याचा दाखला एकदा लॅमिनेट करून ठेवला की जन्माचं काम झालं असं नसतं. लग्नाच्या वेळी ताजा दाखला मागतात, साधारण सहा महिन्यांच्या आतला, आणि लोक म्हणतात हा आहे की तीस वर्षांपूर्वीचा, माणूस तोच, तारीख तीच. तर दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्या माणसाच्या नावापुढे होत असते, म्हणजे बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चचं ते पान माणसाबरोबर वाढत जातं. नवीन दाखला म्हणजे ते पान आज काय म्हणतंय ते. म्हणून तुमच्या गावचं रजिस्टर आणि इथलं ऑफिस यांचं नातं कायमचं राहणार, ते जोडून ठेवा.

आता समूह. वसईत आणि मुंबईकडेही धर्मग्रामाचे तुकडे पाडलेले असतात, वाडीवाडीचे, आणि पूर्वेला तुमच्यासारख्यांच्या बाबतीत दोन-चार सोसायट्या मिळून एक, त्याला लहान ख्रिस्ती समूह म्हणतात, बोलताना नुसतं समूह. तुमच्या गावी वस्तीवरची प्रार्थना असेल, तेच समजा. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, शुभवर्तमान वाचायचं, चार शब्द बोलायचे, प्रार्थना, चहा. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, तेव्हा जवळजवळ रोज, आज या घरी उद्या त्या घरी. काही ठिकाणी मरियामातेची मूर्ती घराघरांतून फिरते, एक रात्र तुमच्याकडे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मिळून गाणी म्हणत पुढच्या घरी पोचवायची.

मी खरं सांगू का, कागदावर समूह म्हणजे काय काय लिहितात, पायाभूत चर्च वगैरे, प्रत्यक्षात तो म्हणजे वनबीएचकेच्या हॉलमध्ये वीस माणसं. टीपॉय बेडरूममध्ये गेलेला, शेजाऱ्यांच्या सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, बायका चटईवर, पुरुष दाराबाहेर पॅसेजमध्ये कारण त्यांना लवकर सटकायचं असतं, टीव्हीवर टॉवेल, त्याच्यापुढे मेणबत्ती आणि बायबल, पंखा बंद कारण मेणबत्ती विझते, आणि ज्यांच्या घरी आहे ती बाई पाचव्या गूढाला, म्हणजे रोझरीच्या शेवटच्या भागाला, उठून गॅसवर चहा ठेवायला जाते, त्यामुळे शेवटची दहा हेल मेरी वेलचीच्या वासात. एक म्हातारे हमखास लितानी लांबवणार. मुलं कंटाळून चप्पल मोजणार. याच्यात काय मोठं आहे असं वाटेल, पण तुमच्या मजल्यावर कोण पडलं, कोणाची नोकरी गेली, कोणाची मुलगी दहावीला आहे, हे चर्चला कळतं ते इथूनच, मिस्सात नाही कळत. मिस्सात पाचशे माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली असतात, एकमेकांच्या पाठी बघत. तोंड दिसतं ते चटईवर.

तर तुमच्या समूहाचे प्रमुख कोण ते ऑफिसात विचारा, फोन करा, आणि पहिल्याच वेळी नाही पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी "पुढच्या महिन्यात आमच्याकडे ठेवा" म्हणा. इतकं पुरे. समूहप्रमुखाचं सगळ्यात मोठं दुखणं काय असतं माहितीय, पुढच्या वेळी कोणाच्या घरी? माझ्या काळात मी याच्यासाठी माणसांच्या विनवण्या केल्यात. जी नवीन बाई स्वतःहून म्हणाली आमच्याकडे या, तिचं नाव मी आजही विसरलेली नाही. आणि खाण्याचा घाट घालू नका, चहा-बिस्कीट, नाहीतर पुढच्या घरच्या बाईला टेन्शन येतं, बटाटेवडे केले की पुढची गुलाबजाम करते आणि मग कोणीच घर द्यायला तयार होत नाही. आमच्याकडे हे झालंय, शेवटी ठराव करावा लागला.

ठराविक वाराचं काम म्हणजे काय, तर मराठी मिस्सात सगळ्यात लवकर मिळणारं म्हणजे वाचन. वाचकांची कायम टंचाई, त्यात मराठी वाचकांची जास्तच कारण आपली इंग्रजी मीडियमची पोरं "यहेज्केल" शब्द दिसला की पळतात. शिक्षिका असाल तर तुम्हाला आठवड्यात घेतील. आधी वाचन, स्तोत्र वगैरे सगळं पुरुषच करायचे, बायका आल्या ते परिषदेनंतर, म्हणजे रोमला भरलेली बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते ६५, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली तीही त्यानंतरच. आणि पोप फ्रान्सिसनी २०२१मध्ये वाचकाची रीतसर नेमणूक बायकांनाही खुली केली, तोपर्यंत आम्ही नुसत्या कामापुरत्या वाचक, कागदावर नाही. असो.

वाचनात आवाज, उच्चार हे सगळे सांगतील, मी रिबिनीचं सांगते. मी वाचायला लागले त्या सुरुवातीची गोष्ट, १९९८, आमचा वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेच वर्ष, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, ए बी सी, आणि वर्ष बदलतं जानेवारीत नाही तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी ए वर्ष लागलं होतं. पुस्तकातली रिबिन कोणीतरी आगमनकाळ पहिला रविवार बघून घातलेली, पण सी वर्षाच्या पानात. मी नवी साडी, पाय लटपटतायत, पान उघडलं, वर आगमनकाळ पहिला रविवार लिहिलेलं, घडाघडा यिर्मया वाचून खाली आले. वाचायचा होता यशया. माझ्या सासूबाई म्हणाल्या छान वाचलंस. मग फादर प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, आत्ताच आपण ऐकलं की लोक तरवारी मोडून नांगराचे फाळ करतील, आणि सगळं चर्च एकमेकांकडे बघतंय की हे कधी ऐकलं. फादर दोन सेकंद थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तक उघडून यशया स्वतः वाचून दाखवला. मी बाकाखाली जायची बाकी होते.

तेव्हापासून दहा मिनिटं आधी जाऊन पान स्वतः बघायचं, वर्षासकट, हा माझा नियम. वाचन घरून आठवड्याभरात चार वेळा मोठ्याने वाचून या, आणि पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा आला त्या सणाच्या) रविवारी तुमच्या नावावर ड्यूटी आली तर समजा की तुम्ही आता जुन्या झालात, कारण त्या दिवशी प्रेषितांच्या कृत्यांतलं ते पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या येतं आणि अनुभवी वाचकांना त्या रविवारी नेमकं गावी जायचं असतं.

धर्मशिक्षण तुम्ही शिकवायचात म्हणून तेच मागाल, साहजिक आहे, पण तिथे जरा धीर धरा. माणसांची गरज खूप आहे, तरी लहान मुलांच्या कामात अनोळखी माणसाला लगेच घेत नाहीत आणि घेऊही नये. म्हणून म्हटलं ते गावच्या फादरांचं पत्र आणा. जूनमध्ये शाळेबरोबर वर्ग सुरू होतात, तेव्हा साधारण मेच्या सुरुवातीला मुख्य शिक्षिकेला भेटा, पहिलं वर्ष कोणाच्या तरी हाताखाली मदतनीस म्हणून बसा, चौथीचा वर्ग मिळाला तर उत्तम, तुमचा मुलगा त्याच वयाचा. आणि नियम पाळा, वर्गाचं दार उघडं, एकट्या मुलाला एकटं थांबवायचं नाही, मुलांच्या आईवडलांना न सांगता मुलांना मेसेज नाही. नवीन माणसाला हे अपमानाचं वाटतं, माझं मत विचाराल तर उशिराच आलं हे सगळं.

मिस्टरांचं पेटीचं शेवटी सांगते.

संस्था बऱ्याच आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. मरियेची सेना आहे, डब्लिनची, १९२१पासूनची, दर आठवड्याला मीटिंग आणि शिस्त कडक, ज्यांना रोझरी मनापासून आवडते त्यांनी जावं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल आहे, ती त्याच्याही आधीची, १८३३ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजच्या पोराने मित्रांबरोबर सुरू केलेली, गरजू घरांना भेटी द्यायच्या, दोघादोघांनी जायचं आणि कोणाला मदत केली ते बाहेर बोलायचं नाही. ज्या माणसाला माईक आवडत नाही, मीटिंगमध्ये बोलणं जमत नाही, पण कोणाच्या तरी घरी पिशवी घेऊन जाऊन तासभर बसणं जमतं त्याच्यासाठी हीच. तुमचे मिस्टर बोलके नाहीत असं लिहिलंय म्हणून सांगितलं.

आणि पॅरिश कौन्सिल. कोणीतरी तुम्हाला लवकरच म्हणेल की उभ्या राहा, शिकलेल्या आहात. दोन-तीन वर्षं तरी नाही म्हणा. एकतर लोकांना कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायत वाटते, तसं नाहीये. १९८३च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, पॅरिश कौन्सिलचं मत हे सल्ल्याचं मत, निर्णय फादरांचा, आणि कौन्सिल असावी की नाही हे सुद्धा बिशप ठरवतात. असायलाच लागते ती फायनान्स कौन्सिल, हिशेबाला मदत करणारी. हे माहीत नसल्याने मी पहिल्या टर्मला हॉलच्या साउंड सिस्टीमवरून चार मीटिंगा भांडले, मतदान घ्या म्हणून, बारा विरुद्ध पाच होईल असं मोजून ठेवलेलं, आणि मग कळलं की बारा असोत की सतरा. फादरांची काही वर्षांनी बदली झाली, नवीन आले त्यांनी पहिल्या महिन्यात तीच सिस्टीम बसवली, कोणी विचारलं पण नाही. त्याच कायद्यात हेही आहे की आपल्याला जे वाटतं ते धर्मगुरूंना सांगणं हा विश्वासूंचा हक्क आहे आणि कधीकधी कर्तव्यसुद्धा, तर सांगायचं जरूर, पण बदल्या होतात, समूह राहतो, हे लक्षात ठेवून आपली ताकद कुठे घालायची ते ठरवा.

आता जरा अवघड विषय. तुम्ही प्रश्नात स्पष्ट लिहिलं नाही पण एक ओळ आहे, "मिस्सानंतर ते आपापसात वेगळंच बोलतात, आम्ही बाजूला उभे राहतो." ती आमची कादोडी. सामवेदी लोकांची बोली, आमच्यात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, तुम्हाला ऐकून गंमत वाटेल. वाडवळांची वेगळी, कोळ्यांची वेगळी. चर्चमध्ये पुस्तकी मराठी आणि अंगणात आलं की आपली बोली, हे इतकं सवयीचं आहे की समोर कोणी परका उभा आहे हे आम्हाला दिसतच नाही. बहुतेक वेळा एवढंच असतं. पण बहुतेक वेळा, नेहमी नाही. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेली असं आम्ही म्हणतो आणि लग्न जमवताना ती बरोबर वर येते, कुठला समाज, कुठलं गाव, आणि घाटावरून आलेल्यांकडे बघायची एक नजर आहे, मी ती माझ्या घरातही बघितलीय. माझ्याच समूहात एकदा मराठवाड्याकडून आलेल्या एका कुटुंबाने मूर्ती आपल्याकडे न्यायची इच्छा सांगितली तर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. जागा लहान आहे असं कारण दिलं. त्यांच्यापेक्षा लहान जागेत आम्ही गेल्याच महिन्यात बसलो होतो. मी समूहप्रमुख होते आणि मी त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना तारीख दिली, मूर्ती गेली, ते गृहस्थ पण आले, चहाही प्यायले, पण त्या बाईने माझ्याकडे त्या संध्याकाळी बघितलं होतं ते मला आठवतं.

गंमत बघा, आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, ज्याच्या नावाने आमची चर्चं, कॉलेज, सगळं, तो इथे जन्मला, बाप पोर्तुगीज आई इकडची, आणि गेला कुठे तर जपानला. तिथली भाषा इतकी शिकला की मिशनऱ्यांचा दुभाषा झाला, १५९७ला नागासाकीला बाकीच्यांबरोबर क्रुसावर गेला, १८६२ला संत म्हणून जाहीर झाला. त्याचा सण आम्ही धूमधडाक्यात करतो. ज्या माणसाने परक्या मुलखात जपानी आत्मसात केली त्याच्या गावच्या लोकांना नगरकडची मराठी जड जाते. हे मी एकदा सणाच्या नोव्हेनात, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, बोलले तर फादर हसले, बाकी फारसं कोणी हसलं नाही.

तुमच्याकडून एक करता येईल. हरेगावची मतमाउली, म्हणजे मरियामाता, तुमच्या तालुक्यातली, सप्टेंबरमध्ये यात्रा. इथले लोक त्याच दिवसांत वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) जातात, पवित्र मरियेचा जन्म ८ सप्टेंबर, दोन्हीकडे एकच सण. पण आमच्यातल्या कितीतरी जणांनी हरेगाव बघितलेलं नाही. एक-दोन वर्षांनी समूहात ओळखी झाल्या की एखादी मिनीबस काढा, तुम्ही पुढे बसा, रस्ता तुम्ही दाखवा, मुक्काम तुमच्या माणसांकडे. पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमान झाला की नातं फिरतं. बायकांना हे लग्नानंतर लगेच कळतं, पहिल्यांदा सासरची माणसं माहेरी जेवायला येतात तेव्हा.

आणि कबरस्तान. हे कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस, कबरी आशीर्वादित करतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात सगळं गाव कबरस्तानात असतं, हातात कोयता, चुन्याची बादली, पावसाळ्यातलं गवत कमरेपर्यंत. ज्यांची कबर आहे ते आपापली साफ करतात, पण मधल्या वाटा, भिंत आणि ज्यांचं कोणी उरलं नाही अशांच्या कबरी राहतात, त्या समूहांना वाटून दिलेल्या असतात. तिथे कधीच माणसं पुरत नाहीत. तुमचं इथल्या मातीत कोणी नाही, म्हणूनच जा. मी एका वर्षी एका केरळच्या नवीन मुलाला बघितलं, ऑफिसातून थेट आलेला, फॉर्मल पँट दुमडून गवत उपटत होता, आणि शेजारच्या कबरीवरच्या आजी त्याला कादोडीत सांगत होत्या की हा माझा नवरा, हा दीर, हा दीराचा मुलगा ट्रेनमधून पडला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, मान हलवत होता. पुढच्या रविवारी त्या आजींनी त्याला चर्चच्या दारात धरून सगळ्यांना दाखवलं, हा बघा तो. आज तो आमच्याकडे क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला, क्रूस धरतो.

मयतीचंही तेच. समूहाच्या ग्रुपवर मेसेज आला की ओळख असो नसो जायचं, मागे उभं राहायचं, गाणं सुरू झालं की म्हणायचं. खुर्च्या उचलायला हात लागतात, रात्री उशिरा त्या घरात चहा करायला कोणी नसतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडे स्वयंपाकघरात जी बाई तीन दिवस उभी होती तिच्याशी त्याआधी माझं फक्त हसण्यापुरतं होतं.

एक धोक्याची सूचना. एकदा तुमच्या हाताला काम आहे हे कळलं की सगळे येतील, वाचन करा, स्टॉल लावा, फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, पावती पुस्तकं घ्या, नोव्हेनाचा तिसरा दिवस तुमच्या समूहाकडे, आणि नाही म्हणणं जमत नाही म्हणून पहिल्या वर्षात चार कामं घेतलेली बाई दुसऱ्या वर्षी मिस्सालाही यायची बंद होते. मी अशा तिघी बघितल्यात. त्यातली एक माझ्यामुळे, मीच तिला एकामागून एक कामं दिली कारण ती नाही म्हणत नव्हती. तुमचा मुलगा लहान, मिस्टरांची शिफ्ट, लोकलचा प्रवास, तेव्हा समूह आणि वाचन, बस. जूनमध्ये धर्मशिक्षण घेतलंत तर वाचन महिन्यातून एकदाच ठेवा.

मिस्टरांच्या पेटीचं. पूर्वेकडच्या बऱ्याच चर्चमध्ये कॉयर म्हणजे कीबोर्ड आणि गिटार, तरुण मुलं, त्यांच्यात जाऊन "मी पेटी वाजवतो" म्हटलं तर ती मुलं नीट वागतील पण काय करायचं ते त्यांना कळणार नाही. तिथून सुरुवात नको. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, शुक्रवारी क्रुसाची वाट असते, वेदीपुढे गाणी संथ चालीची, तरुण कॉयर शुक्रवारी येत नाही, म्हातारे नुसत्या आवाजावर ओढत नेतात आणि चौदाव्या स्थानापर्यंत सूर दीड पट्टी खाली आलेला असतो. राखेच्या बुधवाराच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, आधी एकदा फादरांना जाऊन नेमकं इतकंच सांगायचं, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला मी पेटी घेऊन येतो. "काही काम" नाही, वार सांगायचा, वस्तू सांगायची. सात शुक्रवार होतील. पेटी मात्र गावाहून स्वतःची आणा, चर्चच्या कपाटात बहुतेक एक असते पण तिचा भाता उंदरांनी खाल्लेला असतो, आमच्याकडच्या पेटीचे तर काळी दोन आणि पांढरी चार दोन्ही सूर अडकतात आणि दुरुस्तीचा विषय गेली चार वर्षं कौन्सिलपुढे आहे.